हिरवी खूण पहिल्या पानावर, नकार एकतिसाव्या पानावर

प्रति,
घराच्या विम्याच्या पुस्तिकेत पान ३१ वरचं ते वाक्य लिहिणाऱ्या व्यक्तीस,

पत्राची सुरुवात 'सप्रेम नमस्कार' अशी करायची आमच्याकडे रीत आहे. तुम्हाला 'सप्रेम' लिहायला माझा हात वळत नाही. नमस्कार तेवढा करते, कारण वडिलांनी तशी सवय लावली आहे.

तुमचं नाव मला ठाऊक नाही. विम्याच्या पुस्तिकेवर लेखकाचं नाव छापत नाहीत. तुम्ही वकील असाल, जोखमीची आकडेमोड करणारे असाल, किंवा चारजणांच्या बैठकीत शेवटचा हात फिरवणारे असाल. पण वाक्य आपोआप उगवत नाही. कुणीतरी बसून, शब्द तोलून ते लिहिलेलं आहे. मराठीत त्याचा अर्थ असा होतो: विमाधारकाच्या आजाराचं निदान चुकलं, झालंच नाही किंवा उशिरा झालं, अशा स्वरूपाच्या दाव्याला या पॉलिसीत संरक्षण नाही. तुमच्या वाक्यात चूक काढता येत नाही. ते स्पष्ट आहे, व्याकरणशुद्ध आहे आणि अन्यायी आहे.

ते कुणावर येऊन पडलं, हे तुम्हाला कळायला हवं म्हणून हे पत्र.

माझा मोठा भाऊ इथे इंग्लंडात, मिडलँड्समधल्या एका शाळेत गणित शिकवतो. सांगली सोडून त्याला सतरा वर्षं झाली. २०२३च्या नोव्हेंबरात एका शुक्रवारी दादाची कंबर धरली. शनिवारी दोन्ही पायांत कळा येऊ लागल्या. रविवारी सकाळी तो वहिनीला म्हणाला, "खुर्चीवर बसलोय की नाही ते कळत नाहीये. आणि लघवी लागल्याचंही समजत नाही." वहिनीने त्याला इस्पितळाच्या ए अँड ई, म्हणजे तातडीच्या उपचारांच्या विभागात नेलं. सहा तास थांबल्यावर तपासणी झाली. स्नायू आखडलाय, असं सांगून वेदनाशामक गोळ्या दिल्या आणि घरी पाठवलं. मंगळवारी रात्री तो परत गेला, तेव्हा ड्यूटीवर दुसऱ्या डॉक्टरबाई होत्या. त्यांनी दोन प्रश्न विचारले आणि तडक एमआरआय करायला लावला. पहाटे शस्त्रक्रिया झाली.

पाठीच्या कण्याच्या तळाशी मज्जातंतूंचा एक झुबका असतो, घोड्याच्या शेपटीसारखा दिसणारा. लॅटिनमध्ये त्याला म्हणतातच तसं, कॉडा इक्वायना. मणक्यांमधली चकती सरकून त्यावर दाब आला, तर मूत्राशय, आतडी, मांड्यांमधली संवेदना, लैंगिक क्षमता, सगळंच धोक्यात येतं. अशा वेळी तास मोजायचे असतात. इंग्लंडमध्ये २०२३च्या फेब्रुवारीतच या आजारासाठी राष्ट्रीय पातळीवरची उपचारपद्धती ठरवून दिली गेली. संशय आला की शक्य तितक्या लवकर आणि मागणी केल्यापासून चार तासांच्या आत एमआरआय व्हावा, असं तिच्यात आहे. दादाने लक्षणं स्वतःच्या तोंडाने सांगितली होती. त्याला एमआरआय मिळायला अडीच दिवस लागले.

आज दादा काठी घेऊन चालतो. दिवसातून चार वेळा स्वतःच्या हाताने कॅथेटर घालतो. शाळेत आठवड्यातून तीनच दिवस जातो आणि फळ्यासमोर उभा राहताना एक हात टेबलावर टेकवतो. वय शेहेचाळीस.

आम्हाला एनएचएसचा, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचा राग नाही, हे आधीच सांगते. इथल्या आमच्या ओळखीच्या मराठी घरांत कुणी डॉक्टर आहे, कुणी नर्स, कुणी प्रयोगशाळेत. वहिनीची बहीणच वॉर्डात रात्रपाळी करते. रविवारच्या त्या डॉक्टरने त्या दिवशी किती रुग्ण तपासले असतील, याची कल्पना आम्हाला आहे. पण माणूस दमलेला होता म्हणून झालेलं नुकसान भरून येत नाही. न्हाणीघर बदलून घ्यायचं आहे, पगार कमी झाला आहे, मूत्रमार्गाला पुन्हापुन्हा संसर्ग होतो आहे. या सगळ्याचा खर्च आहे, आणि तो दादाच्या चुकीने आलेला नाही.

तरीही दादा वर्षभर वकिलाकडे जायला तयार नव्हता. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. बाबांनी सांगलीहून फोनवर तेच ऐकवलं आणि मग विचारलं, "तिकडे ग्राहक मंच नाही का?" प्रश्न साधा नव्हता. भारतात १९९५ साली सुप्रीम कोर्टाने व्ही. पी. शांता प्रकरणात वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली, म्हणून सांगलीतला रुग्ण वकिलाशिवायही आपली तक्रार मांडू शकतो. मात्र सगळ्यांनाच फुकट मिळणारी सेवा त्याच निकालाने बाहेर ठेवली. दादाचे उपचार फुकटच झाले होते. इथे सरळ दिवाणी दावाच लावावा लागतो, आणि त्याला लागणारा पैसा आणायचा कुठून हा पहिला प्रश्न असतो.

पूर्वी सरकारी कायदेशीर मदत मिळायची. २०१२च्या कायद्याने ती १ एप्रिल २०१३पासून वैद्यकीय निष्काळजीपणाच्या दाव्यांतून जवळजवळ काढून घेतली. उरली ती गर्भात, जन्माच्या वेळी किंवा पहिल्या आठ आठवड्यांत मेंदूला किंवा मज्जासंस्थेला गंभीर इजा झालेल्या बाळांपुरती. बाकीच्यांसाठी 'नो विन, नो फी'. हरलात तर वकिलाला काही द्यायचं नाही. जिंकलात तर मात्र वकील सक्सेस फी घेतो. २०१३च्या आधी ती फी हरलेल्या पक्षाकडून वसूल व्हायची. त्यानंतर ती रुग्णाच्या भरपाईतून जाते: वेदनेबद्दलची भरपाई आणि आजवरचं नुकसान, या दोन्हींच्या पंचवीस टक्क्यांपर्यंत. घटनेनंतर दाव्याच्या खर्चासाठी काढायचा जो विमा असतो, त्याचा हप्ताही बराचसा रुग्णाच्याच माथी बसतो. तज्ज्ञांच्या अहवालांपुरता भाग तेवढा समोरच्याकडून मिळतो.

म्हणून सॉलिसिटरने दादाला पहिल्या भेटीत पहिलाच प्रश्न विचारला: "घरात कुठे लीगल एक्सपेन्सेस कव्हर आहे का? घराचा विमा, गाडीचा विमा, बँकेचं खातं, सगळं बघा." असं कव्हर असेल तर दाव्याचा खर्च विमा कंपनी करते आणि सक्सेस फी कापली जात नाही. दादाची भरपाई दादाकडे राहते.

वहिनी कागद जपून ठेवणारी. तिने त्या रात्री फाइल काढली. घराच्या विम्याला जोडून लीगल कव्हर होतं, वर्षाला २८ पौंड. नऊ वर्षं न चुकता भरलेलं. मर्यादा एक लाख पौंड. वर दोन पानांचा सारांश होता. त्यात 'काय संरक्षित आहे' या मथळ्याखाली हिरव्या बरोबरच्या खुणा होत्या, आणि तिसऱ्या खुणेपुढे लिहिलं होतं: शारीरिक इजा आणि क्लिनिकल निग्लिजन्स, म्हणजे वैद्यकीय निष्काळजीपणा. वहिनीने मला रात्री साडेअकराला फोन केला. ती रडत होती. नऊ वर्षं भरलेल्या पैशाचं आज चीज झालं, म्हणाली.

अकरा दिवसांनी तुमच्या कंपनीचं पत्र आलं. त्यात दादाच्या प्रकृतीची विचारपूस केली होती, खेद व्यक्त केला होता आणि पान ३१ दाखवलं होतं.

सारांशाच्या दुसऱ्या पानावरच्या लाल फुल्या आम्ही पुन्हा तपासल्या. 'काय संरक्षित नाही' याखाली पाच फुल्या आहेत. निदानाचा उल्लेख त्यांत नाही. केशरी उद्गारचिन्हांपुढे मर्यादा दिल्या आहेत, त्यांतही नाही. हे तुम्हाला सुचलं नाही, असं मी मानत नाही. ज्याला पान ३१ वर इतकं काटेकोर वाक्य लिहिता येतं, त्याला तेच पान २ वर लिहिता येतं.

आता दादाचं म्हणणं ऐका. ते मी माझ्या शब्दांत सांगते, पण डोकं त्याचं आहे. नकाराचं पत्र वाचून तो बराच वेळ गप्प बसला. मग पत्राच्या पाठीमागे त्याने दोन वर्तुळं काढली आणि म्हणाला, "तुझ्या वहिनीच्या स्वयंपाकघरात जशा चाळण्या असतात ना, तशा या दोन आहेत."

पहिली चाळणी एक्कावन्न टक्क्यांची. तुमच्या पुस्तिकेत, आणि या देशातल्या जवळजवळ प्रत्येक अशा पॉलिसीत, दावा जिंकण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असली तरच खर्च मिळतो. ठीक आहे. कमजोर दाव्यावर सगळ्यांचा पैसा उधळू नये, हे आम्हाला पटतं. ही चाळणी हरणारे दावे बाजूला काढते.

दुसरी चाळणी तुमचं वाक्य. आता विचार करा, ती नेमकी कुणाला अडवते? निदानाचे जे दावे हरणार होते, ते पहिल्या चाळणीतच थांबले. मग दुसरीने थांबवायला उरले कोण? फक्त जिंकणारे. ज्यांच्या बाबतीत इस्पितळाची चूक होती आणि त्या चुकीने नुकसान झालं, असं कोर्ट बहुधा म्हणेल, तेवढेच. तुमचं वाक्य न्याय्य दाव्यांखेरीज दुसऱ्या कशालाही अडवत नाही. दादाने ते पाच मिनिटांत दाखवून दिलं. तुमच्या कंपनीत आकडेमोड करणाऱ्यांची फौज आहे, तुम्हालाही ते दिसलं असणार.

पैशाचं म्हणाल, तर जिंकलेल्या दाव्याचा बहुतेक खर्च इथे हरलेल्याला द्यावा लागतो. इस्पितळाच्या वतीने तो एनएचएस रिझोल्यूशन ही दावे हाताळणारी सरकारी संस्था देते. म्हणजे ज्या दाव्यांत तुमचे पैसे परत येण्याची शक्यता सर्वांत जास्त, तेच तुम्ही नाकारता. हरणाऱ्या रुग्णावर समोरच्याचा खर्च सहसा पडत नाही, अशी तरतूदही २०१३पासून आहे. तुमची खरी जोखीम त्यामुळे आणखी कमी झाली.

एक गोष्ट तुमच्या बाजूने मान्य करते. निदानाचा दावा तपासून बघणं महाग असतं. जिंकण्याची शक्यता किती, हे कळायलाच मज्जासंस्थेच्या शल्यविशारदाचा अहवाल लागतो, क्ष-किरणतज्ज्ञाचा लागतो, आणि त्यांना हजारो पौंड द्यावे लागतात. हा खर्च एक्कावन्न टक्के ठरण्याआधीचा आहे आणि तो बुडू शकतो. मग तपासणीच्या खर्चाला मर्यादा घाला. पाच हजार म्हणा, दहा हजार म्हणा, हप्ता दहा पौंडांनी वाढवा. आम्ही भरला असता. तुम्ही तसं केलं नाही. तुम्ही दरवाजाच भिंतीत चिणून टाकला आणि हिरवी खूण तशीच ठेवली.

शिवाय कायदा काही रुग्णाच्या बाजूने सैल नाही. १९५७च्या बोलम निकालापासून डॉक्टरच्या मागे जबाबदार डॉक्टरांचा एक गट उभा राहिला तर निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. १९९७च्या बोलिथो निकालाने एवढंच जोडलं की त्या गटाचं मत तर्कालाही धरून हवं. निदान उशिरा झाल्याचं सिद्ध केलं तरी पुढे दाखवावं लागतं की वेळेवर झालं असतं तर बहुधा फरक पडला असता. ग्रेग विरुद्ध स्कॉट या खटल्यात कॅन्सरचं निदान लांबलं आणि बरं होण्याची शक्यता ४२ टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर आली. २००५ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, भरपाई नाकारली, कारण ४२ म्हणजे मुळातच निम्म्याहून कमी. इतक्या कडक कायद्यातून जो माणूस पार होणार आहे, त्याला तुम्ही बाहेरच्या फाटकावरच थांबवता.

तुम्ही काय ठेवलंत तेही मी वाचलं आहे. 'ठरावीक, ओळखता येईल अशी निष्काळजी शस्त्रक्रिया किंवा प्रक्रिया' तुम्ही संरक्षित केली आहे. म्हणजे सर्जन पोटात बोळा विसरला असता, तर दादाला खर्च मिळाला असता. पण इथे डॉक्टरने काही केलं नाही, हीच चूक होती. तपासलं नाही, एमआरआय मागवला नाही, घरी पाठवलं. वैद्यकीय दाव्यांत निदान चुकणं किंवा लांबणं ही नेहमी पुढे येणाऱ्या कारणांपैकी एक आहे. जीपींच्या, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरांच्या बाबतीत तर ती मुख्य तक्रार असते. मुख्य तक्रार वगळून उरलेल्याला 'क्लिनिकल निग्लिजन्स कव्हर' म्हणणं याला माझ्या भाषेत फसवणूक म्हणतात. कायद्याच्या भाषेत ती फसवणूक ठरेलच असं नाही. म्हणून तर हे पत्र कोर्टाला न लिहिता तुम्हाला लिहिते आहे.

आम्ही कंपनीकडे रीतसर तक्रार केली आहे. आठ आठवड्यांत अंतिम उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर फायनान्शियल ओम्बड्समन या विमा-बँकांविरुद्धच्या तक्रारी पाहणाऱ्या लोकपालाकडे जाता येतं, फुकट, उत्तरापासून सहा महिन्यांच्या आत. कुठली जोखीम घ्यायची हे कंपनीने ठरवायचं असतं, त्यात ओम्बड्समन सहसा पडत नाही, हे आम्हाला माहीत आहे. पण एवढा मोठा अपवाद विकताना नीट दाखवला होता का, हे तो पाहतो. जुलै २०२३पासून लागू झालेल्या कन्झ्युमर ड्यूटीच्या नियमांत ग्राहकाला समजेल असं सांगणं कंपनीवर बंधनकारक आहे. नऊ वर्षं पैसे भरणारा गणिताचा शिक्षक आणि त्याची कागद जपणारी बायको, या दोघांनाही जे समजलं नाही, ते कुणाला समजेल अशी तुमची अपेक्षा होती?

हे पत्र इतरांच्याही हाती पडेल, म्हणून इथे राहणाऱ्या मराठी घरांसाठी चार ओळी. तुमच्या घराच्या विम्यात लीगल कव्हर असेल तर आजच पूर्ण पुस्तिका मागवा आणि सारांशावर थांबू नका. 'क्लिनिकल निग्लिजन्स' शोधा आणि त्याखालचा 'नॉट कव्हर्ड' हा भाग वाचा. 'डायग्नोस' हा शब्द दिसला तर दुसरी पॉलिसी बघा. सगळ्याच सारख्या नसतात. काही पॉलिसींत घटनेनंतर ठरावीक दिवसांत, कुठे १८० दिवसांत, कळवावं लागतं. वकील नेमण्याआधी कंपनीला कळवा, नाहीतर आधीचा खर्च ती देत नाही. कंपनी आपल्या यादीतला सॉलिसिटर पुढे करते. त्याला वैद्यकीय दाव्यांचा अनुभव किती ते विचारा. दावा कोर्टात जाण्याच्या टप्प्यावर वकील स्वतः निवडायचा हक्क १९९०च्या नियमांनी तुम्हाला दिला आहे. कंपनीच्या वकिलाने पन्नासच्या खाली आकडा सांगितला तर बॅरिस्टरचं लेखी मत घ्या. ते वेगळं आलं तर कंपनीला विचारात घ्यावंच लागतं. इस्पितळाचे कागद फुकट मिळतात, ते लगेच मागवा. आणि १९८२पासून चालणारी 'ॲक्शन अगेन्स्ट मेडिकल ॲक्सिडेंट्स' ही संस्था रुग्णांना मोफत सल्ला देते. आम्हाला तिचा पत्ता वर्षभर उशिरा लागला.

दादाने शेवटी 'नो विन, नो फी'वर सही केली. सही करताना तो हसला नाही आणि चिडलाही नाही. पंचवीस टक्के कशाचे आणि किती होतील, हे त्याने वहीत लिहून ठेवलं आहे. न्हाणीघराच्या खर्चाची बेरीज त्याच पानावर आहे.

तुमच्याकडून मला भरपाई नको. ती इस्पितळाने द्यायची आहे. पुढच्या वर्षीची पुस्तिका छपाईला जाण्याआधी ते वाक्य तुमच्याच टेबलावर येईल. ते खोडा. खोडता येत नसेल, तर पहिल्या पानावरची हिरवी खूण काढा आणि तिथे लाल फुली मारा, म्हणजे पुढच्या वहिनीला रात्री साडेअकराला कुणालाही फोन करावा लागणार नाही.

दावा लावायची मुदत तीन वर्षांची असते. दादाची या नोव्हेंबरात संपते.

आपली,
एका शिक्षकाची बहीण